देणारा आणि घेणारा एकाच घरातला

शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या आमच्या गावच्या विकास सोसायटीत एक लाकडी फलक आहे. काळ्या रंगावर पांढऱ्या ऑइलपेंटने आजवरच्या चेअरमनांची नावं आणि त्यांची कारकीर्द लिहिलेली. वरच्या सात-आठ ओळींत आडनावं वेगवेगळी आहेत, त्यात एक निवृत्त मास्तरही आहेत. मग एक आडनाव येतं आणि तिथून खाली दुसरं आडनाव दिसत नाही. आधी वडील, मग थोरला मुलगा, मग पुतण्या, परत थोरला मुलगा, आणि शेवटच्या ओळीत सूनबाई. वडिलांबरोबर पीककर्जाच्या कागदांसाठी त्या बाकावर तासन्‌तास बसावं लागायचं, त्यामुळे ही नावं मला लहानपणीच पाठ झाली होती.

एका वर्षी वडील त्या सोसायटीच्या निवडणुकीला उभे राहिले आणि थोडक्या मतांनी पडले. त्या हंगामात आमचा दोन एकर ऊस तुटायचा राहिला. ऊसतोडीची पाळी लावणारा कारखान्याचा चिटबॉय बांधावरून जाता-येता सांगायचा, उद्या तोडणीची टोळी येईल. शेजारच्या रानातला ऊस गेला, पलीकडचा गेला. आमच्या उसाला तुरे आले, पाचट वाळून कोळ झालं, एप्रिल उजाडला तेव्हा कुठे टोळी आली. वजन किती घटलं ते वडिलांनी कुणाला सांगितलं नाही, पण त्या वर्षी बहिणीचं लग्न पुढं ढकललं. सोसायटीतलं आणि साखर कारखान्यावरचं घराणं एकच होतं. पुढच्या निवडणुकीत आईनं वडिलांना फॉर्म भरू दिला नाही आणि सोसायटी बिनविरोध झाली. गेल्या तीस वर्षांत ती बहुतेकदा बिनविरोधच होते.

घराणेशाहीवर चर्चा निघाली की मला तो ऊस आठवतो. चर्चा मात्र बहुधा वेगळ्याच वाटेनं जाते. कोणाचा मुलगा आमदार झाला, कोणाची लेक खासदार झाली, लायक आहे की नाही, इंग्रजी बरं बोलतो की नाही. मग कुणीतरी म्हणतं, कायदाच करा, पुढाऱ्याच्या पोराला तिकीटच मिळता कामा नये. त्यावर दुसरा म्हणतो, लोकांनी निवडून दिलंय ना, मग तुमचं काय जातं? इथं चर्चा थांबते. माझ्या मते ती इथूनच सुरू व्हायला हवी.

आधी आवाका बघू. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेनं २०२५ मध्ये देशभरातल्या ५,२०४ खासदार-आमदारांची पाहणी केली. त्यातले १,१०७ जण, म्हणजे २१ टक्के, राजकीय घराण्यांतले निघाले. महाराष्ट्रात ४०३ पैकी १२९, म्हणजे जवळजवळ तिघांत एक. यातून कुठलाही मोठा पक्ष सुटलेला नाही. शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री होते, अशोक चव्हाण मुख्यमंत्री झाले, आणि २०२४ मध्ये श्रीजया चव्हाण भोकरमधून आमदार झाल्या, मधल्या काळात पक्ष तेवढा बदलला. विखे घराण्याची चौथी पिढी राजकारणात आहे. गोव्याच्या ४० जणांच्या विधानसभेत २०२२ मध्ये तीन जोडपी निवडून आली: राणे, मोन्सेरात आणि लोबो. आणि ज्यांच्या साधेपणाचे दाखले आपण अजून देतो त्या गणपतराव देशमुखांच्या सांगोल्यातही आज त्यांचे नातू आमदार आहेत. अकरा वेळा निवडून आलेल्या, एसटीनं फिरणाऱ्या माणसाच्या नातवाला लोकांनी मत दिलं, यात मला गुन्हा कुठेच दिसत नाही.

म्हणून सरसकट बंदीला माझा विरोध आहे. जन्म कुणी मागून घेत नाही. वडील आमदार होते म्हणून मुलीला उमेदवारी अर्ज भरता येणार नाही, असं म्हणणं म्हणजे जातीवरून दार लावण्याचाच एक प्रकार झाला. शिवाय ही बंदी सगळ्यात आधी बायकांच्या मुळावर येईल. त्याच पाहणीत पुरुष लोकप्रतिनिधींपैकी १८ टक्के घराण्यांतले होते, स्त्रियांपैकी ४७ टक्के. पक्षांनी स्त्रियांसाठी दुसरं दारच ठेवलेलं नाही. एकीकडे महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती झालेली, ती आज ना उद्या लागू होणार, आणि दुसरीकडे जे एक दार अर्धवट उघडं आहे तेही आपण बंद करायचं? आधी दुसरी दारं उघडायला हवीत.

फिलिपिन्सनं बंदीचा प्रयोग कागदावर करून बघितला आहे. त्यांच्या १९८७ च्या राज्यघटनेत राजकीय घराणेशाहीला मनाई आहे, पण पुढे एक पुस्ती आहे: कायद्यानं ठरवल्याप्रमाणे. तो कायदा करायचा होता त्यांच्या संसदेनं, आणि संसदेत घराणीच बसलेली. दशकं उलटली, कायदा झाला नाही. २०१६ मध्ये एवढंच झालं की गावपातळीवरच्या युवक मंडळांत पदाधिकाऱ्यांच्या जवळच्या नातलगांना मनाई आली. पोरांना शिस्त लावली, थोरांचं तसंच राहिलं.

मग कायद्यानं काय करावं? मला वाटतं, राजकारणातल्या माणसाला जे जे मिळतं त्याचे दोन ढीग करावेत. एका ढिगात मत. ते लोक देतात. तिथं नातं बघायचं काम मतदाराचं, आणि तो ते बघतो. २०१९ मध्ये मावळात पार्थ पवार पडले. २०२४ मध्ये नगरला सुजय विखे पडले, बीडला पंकजा मुंडे पडल्या, बारामतीत सुनेत्रा पवार पडल्या. मतदार आंधळा आहे असं म्हणणाऱ्यांनी हे निकाल परत वाचावेत.

दुसऱ्या ढिगात बाकी सगळं. पक्षाचं तिकीट, राज्यसभा, विधान परिषद, मंत्रिपद, महामंडळ, देवस्थानचं विश्वस्तपद, जिल्हा बँकेचं कर्ज, रस्त्याचं कंत्राट, शिक्षण संस्थेतली नेमणूक. हे लोक देत नाहीत. एखादा माणूस देतो किंवा चार माणसं एका खोलीत बसून देतात. आणि इथं देणारा आणि घेणारा एकाच घरातला असेल तर तो व्यवहार कायद्याच्या कक्षेत आलाच पाहिजे. काही व्यवहार बेकायदेशीरच ठरवावेत, बाकीच्यांची चौकशी आपोआप सुरू व्हावी.

बारामतीचंच बघा. ४ जून २०२४ ला मतदारांनी सुनेत्रा पवारांना नाही म्हटलं आणि त्याच महिन्यात त्या राज्यसभेवर बिनविरोध गेल्या. पक्षाचे अध्यक्ष त्यांचे पती होते. त्यांची योग्यता काढणं हा माझा हेतू नाही. कदाचित त्या उत्तम काम करतीलही. पण लोकांनी जे दिलं नाही ते घरातून मिळालं, आणि या देवघेवीला आपल्या कायद्यात नावसुद्धा नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये बिहारात उपेंद्र कुशवाहा यांच्या पक्षाच्या वाट्याला एक मंत्रिपद आलं. ते गेलं त्यांचे चिरंजीव दीपक प्रकाश यांना, जे तेव्हा कुठल्याच सभागृहाचे सदस्य नव्हते. घटनेच्या १६४ व्या कलमात सभागृहाचा सदस्य नसतानाही सहा महिने मंत्री राहायची मुभा आहे, म्हणून हे कायदेशीर. ही मुभा अडीअडचणीसाठी होती. पंजाबात दिवंगत मुख्यमंत्री बेअंत सिंग यांच्या मुलाला असंच आमदार नसताना मंत्री केलं, सहा महिने संपले तेव्हा राजीनामा घेतला आणि पुढे त्याच विधानसभेच्या काळात परत मंत्री केलं. सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये हे घटनेशी विसंगत ठरवलं. पहिल्या सहा महिन्यांची खिडकी मात्र उघडीच राहिली. पक्षप्रमुखाच्या किंवा मुख्यमंत्र्याच्या जवळच्या नातलगाला या खिडकीतून आत घेता येणार नाही, एवढं एक वाक्य त्यात घालायला काय हरकत आहे?

‘नातलग म्हणजे नेमकं कोण, हे कसं ठरवणार?’ असं वकील मंडळी विचारतात. ठरवून ठेवलंय. २०१३ च्या कंपनी कायद्यात व्याख्या आहे: पती-पत्नी, आईवडील, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ, बहीण. कंपनीनं संचालकाच्या अशा नातलगांशी व्यवहार केला तर तो दाखवावा लागतो, मंजुरी घ्यावी लागते. बहुराज्य सहकारी संस्थांच्या कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली, तिच्यानुसार ज्या विषयात संचालकाचा किंवा त्याच्या नातलगाचा हितसंबंध आहे त्या चर्चेत आणि मतदानात त्यानं भाग घ्यायचा नाही. म्हणजे साबण विकणाऱ्या कंपनीला जे लागू आहे तेच जनतेच्या पैशाला लागू करा, इतकीच मागणी आहे.

आणि निवडणूक लढवण्याच्या हक्काला हात लावता येत नाही, असं जे मोठ्या आवाजात सांगितलं जातं, ते खालच्या माणसाच्या बाबतीत कधीच पाळलं गेलेलं नाही. ही गोष्ट मला फार टोचते. आपल्या राज्यात ग्रामपंचायत सदस्याला सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर तो अपात्र. घरात शौचालय नसेल तर अपात्र. हरियाणातल्या अशाच दोन अपत्यांच्या अटीवर २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की निवडणूक लढवणं हा मूलभूत हक्क नाही, कायद्यानं दिलेला हक्क आहे. २०१८ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका ग्रामपंचायत सदस्य बाईंचं प्रकरण त्याच न्यायालयापुढे गेलं. सरकारी जागेवर अतिक्रमण होतं सासऱ्यांचं आणि नवऱ्याचं. बाई त्या घरात राहत होत्या. सदस्यत्व गेलं, आणि न्यायालयानं ते योग्य ठरवलं.

सासऱ्यानं बांधलेल्या भिंतीसाठी सुनेचं पद जाऊ शकतं. आमदाराच्या मुलाच्या कंपनीला त्याच मतदारसंघातला रस्ता मिळाला तर आमदाराला साधी नोटीसही येत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्यात सरकारी कंत्राटावरून अपात्रता आहे, पण कंत्राट उमेदवाराच्या स्वतःच्या नावावर असेल तरच. कंत्राट मेव्हण्याच्या नावावर असतं हे तालुक्यातल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर माहीत असतं. उमेदवारी अर्जाबरोबरच्या नमुना २६ च्या प्रतिज्ञापत्रात पती-पत्नीची आणि अवलंबितांची मालमत्ता, त्यांची सरकारी कंत्राटं लिहावी लागतात. सज्ञान, कमावता मुलगा अवलंबितांत बसत नाही. कमावता भाऊ बसत नाही. स्वतः कमावणारे सून, जावई कोणी बसत नाही. म्हणजे ज्यांच्या नावावर खरा कारभार चालतो, नेमके तेच त्या कागदाबाहेर.

इथं सहकाराबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण महाराष्ट्रातली घराणी विधानभवनात जन्मत नाहीत. ती सोसायटीत जन्मतात. जिल्हा बँकेच्या निवडणुकीत शेतकरी थेट मत देत नाही. प्रत्येक सोसायटी एका माणसाच्या नावानं ठराव करते आणि ते ठरावधारक मतदान करतात. निवडणुकीआधी सहा-सहा महिने ‘ठराव गोळा करणं’ चालू असतं. ज्याच्या हातात सोसायटी त्याचा ठराव, ज्याच्याकडे ठराव त्याची बँक, बँक कारखान्याला कर्ज देणार, आणि उसाची टोळी कोणत्या रानात कधी जाणार ते कारखाना ठरवणार. ही साखळी एका घरात असेल तर त्या घराविरुद्ध उभं राहायला माणूस कुठून आणायचा? माझ्या वडिलांसारखा एखादा एकदा उभा राहतो. दुसऱ्यांदा नाही. मग लोक म्हणतात, समोर पर्यायच नव्हता, म्हणून त्यांनाच मत दिलं.

हे असंच असावं लागतं असंही नाही. प्रवरेचा कारखाना उभा करण्यासाठी विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव पायपीट केली, शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमवलं. पण पहिल्या काळात अध्यक्षपदावर होते अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ, पुण्याच्या गोखले संस्थेतले. ज्यानं घाम गाळला त्यानं खुर्ची जाणकाराला दिली. सहकाराची सुरुवात अशी झाली होती, हे आज कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

कालमर्यादेनं हे सुटेल असं काही जणांना वाटतं. सहकारी बँकेच्या संचालकाला सलग आठ वर्षांची मर्यादा घातली गेली, २०२५ मध्ये ती दहा झाली. मर्यादा चांगलीच आहे. पण दहा वर्षांनी बाप उठतो आणि त्याच खुर्चीत मुलगा बसतो. कालमर्यादा माणसाला लागू होते, आडनावाला नाही. तेव्हा मुदत संपलेल्या संचालकाच्या जागी पुढची एक मुदत त्याच्या जवळच्या नातलगाला येता येणार नाही, अशी अट संस्थांच्या मंडळांना घालता येईल. ही विधानसभा नाही, त्यामुळे मतदारांचा हक्क हिरावल्याची ओरड इथं टिकत नाही.

चौकशीची भाषा मी जपून वापरतो. चौकशी म्हणजे विरोधकाच्या दारात गाडी उभी करणं, असा तिचा अर्थ आपण होऊ दिला आहे. सहकारात काम केलेल्या कुणालाही ‘८३ ची चौकशी’ आणि ‘८८ ची वसुली’ हे शब्द माहीत असतात. सहकार कायद्यातली ही दोन कलमं पक्षांतराच्या हंगामात कशी जागी होतात आणि कशी झोपतात तेही माहीत असतं. चौकशी लागते, मंत्र्यांकडे अपील जातं, स्थगिती येते, फाइल कपाटात. म्हणून नात्याच्या व्यवहाराची चौकशी कुणाच्या मर्जीवर ठेवून चालणार नाही. लोकप्रतिनिधीच्या, वरच्या व्याख्येत बसणाऱ्या नातलगाला ठरावीक रकमेवरचं सरकारी कंत्राट किंवा सहकारी बँकेचं कर्ज मिळालं की त्या व्यवहाराचं लेखापरीक्षण आपोआप व्हावं. कोणी तक्रार करो न करो, पक्ष कोणताही असो. अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फलकावर लावावा, आणि त्याला स्थगिती द्यायचा अधिकार मंत्र्याला नसावा. ज्याचा व्यवहार सरळ आहे त्याचं यात नुकसान काहीच नाही. उलट ‘बापामुळे मिळालं’ हा शिक्का पुसायला त्याला कागद मिळेल.

काही पदं तर चौकशीच्या पलीकडची आहेत, तिथं सरळ मनाई हवी. पालकमंत्री जिल्हा नियोजन समितीचा अध्यक्ष असतो. जिल्ह्याचा निधी तिथून वाटला जातो आणि त्यातला मोठा वाटा जिल्हा परिषद खर्च करते. पालकमंत्र्याच्या घरातलं माणूस त्याच जिल्ह्यात जिल्हा परिषदेचं अध्यक्ष असू नये. दोघांपैकी एकानं पद सोडावं किंवा मंत्र्यानं दुसरा जिल्हा घ्यावा. महामंडळं, देवस्थानं, राज्यपालनियुक्त आमदार, पालिकेतले स्वीकृत सदस्य, इथं पद देणाऱ्याच्या नातलगाची नेमणूक मुळातच बेकायदेशीर असावी. फ्रान्समध्ये माजी पंतप्रधान फियाँ यांच्यावर पत्नीला कागदोपत्री नोकरी दिल्याचा आरोप झाला आणि त्याच वर्षी, २०१७ मध्ये, खासदारांनी स्वतःच्या पत्नीला-मुलांना नोकरीवर ठेवायला कायद्यानं मनाई झाली. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष केनेडींनी सख्ख्या भावाला ॲटर्नी जनरल नेमल्यानंतर काही वर्षांनी, १९६७ मध्ये, नातलगांच्या नेमणुकीविरुद्ध कायदा आला. दोन्हीकडे निवडणुकीला उभं राहायला मनाई नाही. मनाई नेमण्याला आहे.

उरलं तिकीट, आणि खरी मेख तिथंच आहे. पक्षाची अधिकृत उमेदवारी देणाऱ्या एबी फॉर्मवर ज्याची सही, त्याच्या हातात पक्ष. आपल्याकडे पक्षाची नोंदणी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या २९ अ कलमाखाली होते, पण आत तिकीट कसं ठरतं याकडे तो कायदा पाहतही नाही. विधी आयोगानं १९९९ मध्ये आपल्या १७० व्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाहीची शिफारस केली होती, ती तशीच पडून आहे. माझी मागणी छोटी आहे. एबी फॉर्म देण्याचा अधिकार असलेल्या माणसाचा नातलग इच्छुक असेल तर त्या मतदारसंघातल्या पक्षसदस्यांचं गुप्त मतदान घ्या आणि आकडे निवडणूक आयोगाला द्या. सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता, हा शब्द आपण सहज वापरतो. त्यानं वीस वर्षं सतरंज्या उचलल्या, रात्री फ्लेक्स बांधले, केसेस अंगावर घेतल्या. साहेबांच्या मुलाला मत द्यायचं की नाही, एवढं तरी त्याला चिठ्ठीवर लिहू द्या. मुलगा खरंच दमदार असेल तर तो जिंकेल.

डॉक्टरचा मुलगा डॉक्टर चालतो, मग पुढाऱ्याचा मुलगा पुढारी का नाही, हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की त्याचं उत्तर द्यायलाच हवं. वकिलाच्या मुलाला सनद बार कौन्सिल देतं. बाप देत नाही. बापानं सनद दिली असती तर आपण चालवून घेतलं असतं का?

हे विधिमंडळ स्वतःहून करेल अशी आशा मला फारशी नाही, फिलिपिन्सचं उदाहरण समोर आहे. पण उमेदवारांची प्रतिज्ञापत्रंही कुणी खुशीनं दिली नव्हती. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गुन्हे आणि मालमत्ता जाहीर करायला लावली तेव्हा सगळे पक्ष विरोधात एक झाले होते. न्यायालय मागं हटलं नाही. २०१८ मध्ये त्यानं उत्पन्नाचे स्रोतही मागितले. आज प्रत्येक उमेदवार तो कागद भरतो आणि गावातलं पोरगंसुद्धा मोबाइलवर तो उघडून बघतं. पुढची याचिका नातलगांच्या रकान्यासाठी करता येईल: सज्ञान मुलगा, मुलगी, सून, जावई, भाऊ, बहीण, त्यांची सार्वजनिक पदं, गेल्या दहा वर्षांतली सरकारी कंत्राटं, सहकारी बँकांची कर्जं. मतदारानं तो रकाना वाचावा आणि तरीही त्या घराला मत द्यायचं तर खुशाल द्यावं.

गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा सोसायटीत डोकावलो. फलक नव्यानं रंगवला आहे. सूनबाईंच्या नावाखाली पेंटरनं पाच ओळी आखून मोकळ्या ठेवल्यात.